बाई, तुमच्या वहीबद्दल आभार

आदरणीय बाई,

सादर नमस्कार.

प्रकाश, ध्वनी आणि ऊर्जा हे तीन पाठ तिसरीच्या वर्गाला शिकवताना तुम्ही मला केलेल्या मदतीचे आभार मी तेव्हा तोंडी मानले होते, पण ते घाईत मानले गेले आणि अपुरे राहिले. शिवाय लहान मुलांना विज्ञान शिकवणाऱ्या कोणालाही उपयोगी पडेल अशी गोष्ट आपल्या दोघींपुरतीच राहू नये असे वाटले, म्हणून हे पत्र सर्वांना वाचता येईल असे लिहीत आहे.

मी तुमच्याकडे आले तेव्हा प्रकाशाचा पाठ शिकवून झाला होता आणि ‘प्रकाशामुळे आपल्याला वस्तू दिसतात’ हे वाक्य वर्गातल्या प्रत्येकाला पाठ होते. तरीही उजेडाचा कणही नसलेल्या बंद खोलीत पांढरी वही दिसेल का, असे विचारल्यावर जवळजवळ सगळ्या मुलांनी होकार दिला. थोडा वेळ थांबावे लागेल, मग डोळ्यांना सवय होईल आणि वही दिसेल, असे त्यांचे म्हणणे होते. मी तेच वाक्य पुन्हा शिकवले आणि पुन्हा तेच उत्तर मिळाले. हे सगळे ऐकून घेतल्यावर तुम्ही एवढेच विचारलेत, ‘‘दिसण्याचं काम कोण करतं असं त्यांना वाटतं, हे तू त्यांना विचारलंस का?’’ मी विचारले नव्हते.

त्यानंतरचे चार शनिवार तुम्ही वर्गात मागच्या बाकावर बसलात आणि एका साध्या वहीत मुलांची वाक्ये, त्यांच्याच शब्दांत, एकही शब्द न सुधारता उतरवून घेतलीत. पहिल्या पानावरचे पहिले वाक्य होते, ‘‘मी तिकडे नजर टाकली की मला दिसतं.’’ त्याखाली तुम्ही लिहिले होते की ही चूक त्या मुलाच्या एकट्याची नाही. आपण नजर टाकतो, फिरवतो, रोखतो. म्हणजे डोळ्यांतून काहीतरी निघून वस्तूपर्यंत जाते, असेच आपली भाषा दिवसभर सांगत असते. युक्लिड आणि टॉलेमी यांच्यासारख्या प्राचीन ग्रीक विद्वानांनीही दृष्टीचे किरण डोळ्यांतून बाहेर पडतात असेच मानले होते. अकराव्या शतकाच्या सुरुवातीला अरब शास्त्रज्ञ इब्न अल-हैथम यांनी, प्रखर प्रकाशाकडे पाहिल्यावर डोळ्यांना इजा होते अशा साध्या निरीक्षणांचा आधार घेत, प्रकाश वस्तूकडून डोळ्यांत येतो हे मांडले. जी समजूत बदलायला माणसाला इतकी शतके लागली, ती आठ वर्षांच्या मुलाने एका तासिकेत सोडून द्यावी अशी माझी अपेक्षा होती, हे त्या पानामुळे माझ्या लक्षात आले.

मग तुम्ही खोके करायला लावलेत. पुठ्ठ्याचे खोके आतून काळे केले, कडांवर काळी पट्टी चिकटवली, डोळा लावण्यापुरते एक भोक ठेवले, वर झाकणासारखी उघडणारी एक खिडकी केली आणि आत चेंडू ठेवला. खिडकी बंद असताना एका मुलीने शंभरपर्यंत आकडे मोजत वाट पाहिली आणि चेंडू दिसला नाही तेव्हा आत चेंडू नाहीच, असे ठामपणे सांगितले. खिडकी उघडताच तो दिसला. आधी डोळ्यांकडून चेंडूकडे बाण काढणाऱ्या मुलांनी दुसऱ्या दिवशी खिडकीकडून चेंडूकडे आणि चेंडूकडून डोळ्यांकडे असे दोन बाण काढले, आणि ते मी सांगितल्यावाचून. चंद्राला स्वतःचा उजेड नाही हे त्यानंतर वेगळे शिकवावे लागले नाही.

ध्वनीच्या पाठात ‘बारीक’ या शब्दाने घोळ घातला होता, आणि तुम्ही वहीत त्याखाली रेघ मारेपर्यंत तो माझ्या लक्षातही आला नव्हता. रेडिओचा आवाज बारीक कर, असे आपण म्हणतो तेव्हा तो कमी करायचा असतो. पण लहान मुलीचा आवाज बारीक असतो तेव्हा ती मोठ्यानेही ओरडत असू शकते. एकच शब्द दोन वेगळ्या गुणांसाठी वापरला जात असताना कंपने जलद झाली की आवाज बारीक होतो, या माझ्या वाक्याचा अर्थ अर्ध्या वर्गाने आवाज कमी होतो असाच घेतला होता. म्हणून तुमच्या सांगण्यावरून आधी फक्त ‘हळू’ आणि ‘मोठ्याने’ यांचे प्रयोग केले, भांड्यावर ताणलेल्या फुग्याच्या रबरावर वाळू नाचवली, नादकाट्याचे, म्हणजे आपटला की थरथरून आवाज काढणाऱ्या धातूच्या दुहेरी काट्याचे, टोक पाण्याला टेकवून उडणारे तुषार पाहिले. आणि चढ्या-उतरत्या स्वरांकडे आठवड्याने वळलो, तेव्हा पट्टीचा टेबलाबाहेर राहिलेला भाग कमी-जास्त करून ती छेडली. दोऱ्याच्या टेलिफोनवर मात्र मी फार वेळ घालवला नाही; दोरा सैल सोडला की आवाज जात नाही, हे मुलांनी स्वतःच शोधून काढले होते. वीज चमकल्यावर गडगडाट उशिरा का ऐकू येतो, हे सांगताना प्रकाश सेकंदाला सुमारे 3 लाख किलोमीटर जातो आणि आवाज हवेतून सुमारे 340 मीटर, हे आकडे मी फळ्यावर लिहिले. मुलांच्या लक्षात राहिली ती मात्र तुमची रीत, की मधले सेकंद मोजावेत आणि तीनने भागावे, म्हणजे वीज किती किलोमीटरवर चमकली ते कळते.

ऊर्जेचा पाठ सगळ्यांत अवघड होता. ‘कार्य करण्याची क्षमता’ ही व्याख्या या वयाला देऊ नये, हे तुमचे मत मला आज पूर्णपणे पटते, कारण त्या व्याख्येतला एकही शब्द मुलाला हाताने पकडता येत नाही. वहीत मुलांचा शब्द होता ‘जोर’, आणि त्याला जोडून येणारे क्रियापद होते ‘संपला’. टाकलेला चेंडू प्रत्येक उडीला कमी उसळतो आणि शेवटी थांबतो, म्हणजे त्याचा जोर संपला. तुम्ही हा शब्द खोडला नाहीत, फक्त त्यापुढे एक प्रश्न जोडायला सांगितलात, ‘‘संपला की कुठे गेला?’’ त्यासाठी मुलांनी तळहात चोळून गालाला लावले, चेंडू आपटताना होणारा आवाज मोजणीत धरला आणि थर्मासमध्ये कोरडी वाळू भरून तो आळीपाळीने बराच वेळ हलवला. तापमापीतला आकडा किंचित वर गेलेला पाहून वर्गात झालेला कल्ला मला अजून आठवतो. 1840 च्या दशकात इंग्रज शास्त्रज्ञ जेम्स जूल यांनी खाली उतरणाऱ्या वजनांनी पाण्यातली पाती फिरवून पाणी तापवले होते. त्यांच्या मोजमापाशी आमच्या खटाटोपाची तुलना होणार नाही, पण विचारलेला प्रश्न तोच होता. आणखी एक शब्द तुम्ही दाखवलात तो ‘ऊन’. तो एकच शब्द उजेडही सांगतो आणि ऊबही, त्यामुळे सावलीत उजेड असतो का, हा प्रश्न मुलांना विचित्र वाटत होता. त्यावर एक अख्खी तासिका गेली आणि ती सार्थकी लागली.

बाई, निवृत्तीनंतरचे चार शनिवार तुम्ही मला दिलेत आणि जाताना ती वहीही माझ्याकडे ठेवून गेलात. आता मुले बोलू लागली की मी लगेच उत्तर देत नाही. आधी वही उघडते. गेल्या आठवड्यात एका मुलाने विचारले, ‘‘मी आत्ता बोललो तो आवाज शेवटी कुठे जातो, आणि तिथे थोडं गरम होतं का?’’ हे वाक्य मी तुमच्या वहीच्या शेवटच्या पानावर, एकही शब्द न सुधारता, लिहून ठेवले आहे.

आपली कृतज्ञ,
एक प्राथमिक शिक्षिका