दाताला चिकटलेली माती कुठे गेली?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या अंकात नदीच्या वाळूत सापडलेल्या हत्तीच्या दाढेची बातमी फोटोसकट छापलीत, त्याबद्दल आभार. पण बातमीत दाढेचं वजन आहे, पाहायला झालेली गर्दी आहे, हारतुरे आहेत. ती कुठल्या थरातून निघाली याचा एक शब्द नाही. फोटोत तर ती धुऊन, तेल लावून लखलखीत केलेली दिसते. बघून जीव कळवळला.

आमच्या गावातही असंच झालं होतं. विहीर खणताना गाळातून एक दाढ निघाली. वरच्या खाचांमध्ये करडी चिकणमाती घट्ट बसलेली. वडिलांनी ती मातीसकट गोणपाटात गुंडाळून एका सरकारी कार्यालयात नेऊन दिली. पुढे बघायला गेलो तर तारेच्या ब्रशनं घासून वर वॉर्निश मारलेलं, शेजारी चिठ्ठी : ‘प्राचीन दात’. गावाचं नाव नाही, किती खोलीवर मिळाली ते नाही. विचारलं तर साहेब म्हणाले, “अहो, स्वच्छ केलंय की!”

त्या खाचांतल्या मातीतच तर परागकण असू शकतात. त्यांचं कवच इतकं चिवट, की माती आम्लात विरघळवली तरी ते उरतात. सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले की भोवती कोणती झाडं होती, गवत किती होतं ते कळतं. लखनौला जुन्या वनस्पतींच्या अवशेषांचे अभ्यासक बिरबल साहनींनी १९४६ मध्ये सुरू केलेल्या संस्थेत हे काम पिढ्यान् पिढ्या चाललंय. आणि दाढेवरचे बारीक ओरखडे, ज्यांवरून जनावर शेवटी शेवटी काय चावत होतं ते समजतं, ते ब्रशनं गेले.

दाताच्या एनॅमलमधला कार्बनही बोलतो. ऊस, जोंधळा आणि माळावरचं बरंचसं गवत यांच्यात जड कार्बनचं, म्हणजे कार्बनच्या जरा जास्त वजनाच्या अणूंचं, प्रमाण झाडपाल्यापेक्षा जास्त असतं, आणि खाल्लेल्या चाऱ्यातून तो दातात उतरतो. त्यामुळे जनावर पाल्यावर जगत होतं की गवतावर, हे लाखो वर्षांनीही सांगता येतं. हिमालयाच्या पायथ्याशी शिवालिकच्या डोंगरात सुमारे ८० ते ६० लाख वर्षांपूर्वी गवत कसं पसरलं, ते असंच दातांवरून पक्कं झालं. तेलंगणात नासकलला, आपल्या पायाखाली आहे त्याच काळ्या दगडाच्या थरांमधल्या गाळातून, मिलिमीटरभराचे दात निघाले आणि डेक्कनोलेस्टिस हा चिमुकला सस्तन प्राणी जगाला कळला. तिथला गाळ कुणी नळाखाली धुऊन टाकला असता तर?

तेव्हा कृपा करून अशा बातमीसोबत चार ओळींची चौकट छापा : धुवू नका, तेल लावू नका, मातीसकट कागदात गुंडाळा, जागा आणि खोली लिहून ठेवा.

जाता जाता रंकाळ्याबद्दलही लिहितो. गाळ काढला की तो ट्रॅक्टरनं शेतात जातो आणि आपण ‘तलाव स्वच्छ’ असा मथळा देता. त्या गाळात कोल्हापूरच्या झाडझाडोऱ्याचा, शेतीचा जुना हिशेब थरांनी साठलेला असतो. पुढच्या वेळी यंत्रं उतरण्याआधी नळी खुपसून एक उभा नमुना तरी काढून ठेवा, एवढं महापालिकेला आपल्या पानावरून ठणकावून सांगा.

आपला,
एक जुना वाचक, मंगळवार पेठ, कोल्हापूर