माळ काढताना विचारा तरी

महोदय,

जागतिक मानसिक आरोग्य दिनानिमित्त (१० ऑक्टोबर) आलेले लेख वाचले. सगळे डॉक्टरांचे होते. त्या आजारातून उठलेला माणूस म्हणून थोडं लिहितो.

मी एसटीत कंडक्टर होतो. नऊ वर्षांपूर्वी झोप उडाली, तिकिटांचा हिशेब लागेना, जगण्यावरचं मन उडालं. घरच्यांनी एका इस्पितळात दाखल केलं. दारातच गळ्यातली तुळशीची माळ काढून घेतली. दोऱ्याने कुणी जिवाचं बरंवाईट करू नये म्हणून ती काढतात, हे आज कळतं आणि पटतंही. तेव्हा कुणी काही सांगितलं नाही. चौदाव्या वर्षी वडिलांनी पंढरपुरात ती माझ्या गळ्यात घातली होती. माळ तुटली तर ओवून पुन्हा गळ्यात पडेपर्यंत माळकरी अन्नाला शिवत नाही. मीही शिवलो नाही. कागदावर नोंद झाली, ‘रुग्ण अन्न नाकारतो’, आणि आजार बळावला असं धरलं गेलं.

तिसऱ्या दिवशी शेजारच्या खाटेवरच्या परभणीकडच्या आजोबांनी सिस्टरना हाक मारली. ते स्वतः रात्रभर भिंतीशी बोलत असत. म्हणाले, ‘‘बाई, माळकरी हाय त्यो. माळ द्या, जेवतो.’’ सिस्टरनी कपाटातून माळ आणून दिली, माझं ताट संपेपर्यंत समोर बसल्या, मग परत नेली. रोज दोन्ही वेळा असंच. त्या बाईंचे उपकार मी विसरणार नाही.

गोळ्या आजही चालू आहेत आणि संध्याकाळचा हरिपाठही. वारीत आमचे विणेकरी बुवाच रात्रीच्या गोळीची आठवण करतात.

२०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार, आजारपणात आपल्याला कसं वागवावं आणि कसं वागवू नये, हे प्रत्येक सज्ञान माणसाला आधीच लिहून ठेवता येतं. मला हे इस्पितळात नव्हे, दुसऱ्या एका रुग्णाच्या मुलाकडून कळलं. मी लिहून ठेवलंय : माळ काढा, पण जेवताना हातात द्या.

हा हक्क प्रत्येक इस्पितळाने रुग्णाला त्याच्या भाषेत सांगावा. शिवाय याच कायद्यातल्या, रुग्णांच्या हक्कांबाबतच्या तक्रारी ऐकणाऱ्या पुनर्विलोकन मंडळात दोन जागा रुग्ण, त्यांची काळजी घेणारे किंवा त्यांच्या संस्थांसाठी आहेत. त्यातली एक तरी आजार भोगलेल्या माणसाला द्यावी. आमच्या जिल्ह्यासाठी कुणी मिळत नसेल, तर मी यायला तयार आहे.

– एक माळकरी, केज, जि. बीड
(नाव छापू नये ही विनंती)