हेडीस म्हणजे केवळ यातनाघर नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत प्राचीन ग्रीकांच्या मृत्युलोकावरचा, म्हणजे हेडीसवरचा, लेख आला, याचा आनंद झाला. पण लेखभर शिक्षा म्हणून सतत डोंगरावर धोंडा ढकलणारा सिसिफस, पाण्यात उभा राहूनही तहानलेला टँटलस आणि दारावरचा सर्बेरस कुत्रा एवढेच आहे. हेडीस म्हणजे पाप्यांना शिक्षा भोगायला धाडण्याची जागा, असाच समज त्यातून होतो. ग्रीक महाकवी होमरकडे शिक्षा भोगणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. बाकी शूर-भित्रे, थोर-सामान्य सगळे एकाच अंधारात जातात.

त्याच्या ‘ओडिसी’ महाकाव्याचा अकरावा सर्ग पाहा. मृतांशी बोलता यावे म्हणून नायक ओडिसियस खड्डा खणून त्यात मध-दूध, मद्य, पाणी ओततो, वर जवाचे पीठ टाकतो, मेंढ्यांचे रक्त सोडतो. त्याची मेलेली आई अँटिक्लिया समोरच असते, पण रक्त प्यायल्यावरच ती लेकाला ओळखते. त्याच्या काळजीने झुरून ती गेली, हे त्याला तिच्याच तोंडून कळते. तीनदा तो तिला कवेत घ्यायला जातो, तीनदा ती हातांतून निसटते. ट्रॉयच्या युद्धात मेलेला महावीर अकिलीस तर म्हणतो, मेलेल्यांवर राज्य करण्यापेक्षा एखाद्या गरिबाच्या शेतावर मजुरी केलेली बरी! इथे दुःख आहे ते जगणे हातचे गेल्याचे.

लेखात अथेन्सच्या पांढऱ्या लेकिथोसचा उल्लेखच नाही, याची मला खरोखर खंत वाटली. थडग्याशी ठेवायच्या या तेलाच्या उंच, निमुळत्या कुप्या. काहींच्या आत छोटीशी वाटी बसवलेली असे, म्हणजे थोड्याच तेलात कुपी भरलेली दिसे. त्यांवर चितारलेला, मृतांना पलीकडे नेणारा नावाडी कॅरन साध्या कामकऱ्याच्या वेशात असतो. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयातल्या, इ.स.पू. ४३०च्या सुमाराच्या कुपीवर एक लहान मूल खडकावर उभे आहे, सोबत खेळण्यातला गाडा. एकीकडे कॅरनची होडी, दुसरीकडे आई. राक्षस नाही, ज्वाळा नाहीत.

पुढे आशाही आली. दक्षिण इटलीतल्या हिपोनियोन इथे एका स्त्रीच्या थडग्यात सोन्याचा इवलासा पत्रा सापडला. खाली गेल्यावर पांढऱ्या सायप्रस वृक्षाशेजारच्या झऱ्याजवळही जाऊ नकोस, पुढे स्मृतीच्या तळ्याचे माग, अशी वाट त्यावर कोरली आहे.

लेखाचा पुढचा भाग येणार असल्यास त्या लहान मुलाच्या कुपीचे छायाचित्र मोठ्या आकारात, रंगीत छापावे, ही विनंती.

आपली,
एक नियमित वाचक, मिरज