ठिबकच्या अनुदानालाही मुदत घाला : कृषिमंत्र्यांना खुले पत्र

मा. कृषिमंत्री महोदय,
महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

जालना जिल्ह्यातला मी मोसंबीवाला. ठिबकच्या अनुदानाबद्दल लिहितोय. अल्प व अत्यल्प भूधारकाला 80 टक्के, बाकीच्यांना 75 टक्के. यात केंद्राचे अनुक्रमे 55 आणि 45 टक्के, वरची भर राज्याच्या मुख्यमंत्री शाश्वत कृषी सिंचन योजनेतून. दर चांगले आहेत, त्यावर माझं काही म्हणणं नाही. म्हणणं आहे ते पैसे खात्यात कधी पडतात, यावर.

महाडीबीटीवर, म्हणजे राज्य सरकारच्या योजनांच्या पोर्टलवर, अर्ज करायचा, पूर्वसंमती आली की संच विकत घेऊन शेतात बसवायचा, पक्कं बिल अपलोड करायचं, मग मोका तपासणी, म्हणजे अधिकारी शेतात येऊन संच बघणार. संच बसवून बिल चढवायला शेतकऱ्याला मुदत असते, ती चुकली की अर्ज रद्द होतो. तपासणीनंतर पैसे द्यायला मात्र सरकारवर मुदत नाही. चौकशी केली तर 'निधी आला की जमा होईल' एवढंच उत्तर मिळतं, आणि त्यात आर्थिक वर्ष उलटून जातं.

याचा मार कुणाला बसतो ते बघा. दोन एकरवाल्याच्या नावावर कागदोपत्री 80 टक्के आहेत, पण आधी शंभर टक्के त्यालाच उभे करावे लागतात. दुकानदार उधारीवर संच देतो, त्याचं व्याज चढतं. सोसायटीचं पीककर्ज आधीच उचललेलं असतं, मग सावकार किंवा बायकोचा बचत गट. अनुदान हातात येईपर्यंत त्यातला बराचसा भाग व्याजात गेलेला असतो. म्हणून गावातले गरजू लोक अर्जच करत नाहीत आणि ज्याच्या गाठीला पैसा आहे तोच योजनेत बसतो. लहान शेतकऱ्यासाठी ठेवलेला जास्तीचा दर असा लहान शेतकऱ्यापर्यंत पोहोचतच नाही. मला सगळ्यात जास्त हेच टोचतं.

2012-13 च्या दुष्काळात आमच्याकडच्या मोसंबीच्या बागा वाळल्या, लोकांनी स्वतःच्या हाताने झाडं तोडली. आंबे बहाराची, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीच्या फुलोऱ्याची, फळं भर उन्हाळ्यात झाडावर असतात, तेव्हा ठिबक नसेल तर बाग धरणं कठीण. आमच्यासाठी ही चैनीची वस्तू नाही.

मुदत घालणं अशक्यही नाही. ऊस गाळपाला गेला की 14 दिवसांत एफआरपी, म्हणजे केंद्राने ठरवलेला उसाचा किमान दर, द्यायची, उशीर झाला तर 15 टक्के व्याज, हे 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशात लिहिलेलं आहे. कारखान्याने प्रत्येक वेळी ते पाळलं नसेल, पण शेतकऱ्याला बोट ठेवायला कलम तरी आहे. कारखान्याला लावलेला नियम सरकारने स्वतःलाही लावावा. थेट खात्यात पैसे टाकायची यंत्रणा तयारच आहे. पीएम किसानचे दोन-दोन हजार कोट्यवधी खात्यांत एकाच दिवशी सोडले जातात.

तेव्हा मागणी अशी. मोका तपासणीनंतर 30 दिवसांत अनुदान जमा व्हावं, पुढच्या प्रत्येक दिवसाचं व्याज सरकारने द्यावं. निधी हातात असेल तेवढ्याच पूर्वसंमती द्या. उगाच संमती देऊन माणसाला कर्जात ढकलू नका. अल्पभूधारकाकडून फक्त त्याचा 20 टक्के हिस्सा घ्या आणि उरलेले पैसे शासनाने परस्पर विक्रेत्याला द्यावेत. आणि थकीत प्रस्तावांची गावनिहाय यादी, तपासणीच्या तारखेसह, ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा.

येत्या अधिवेशनात यावर आपण निवेदन करावं, ही विनंती.

आपला,
एक मोसंबी उत्पादक शेतकरी
जि. जालना