माफी देण्याचा अधिकार कोणाचा?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

हुकूमशाहीतून लोकशाहीकडे वळणाऱ्या देशांविषयीचा आपल्या कालच्या अंकातील संपादकीय पानावरचा लेख वाचला. लेखकाचा व्यासंग आणि संयत भाषा यांविषयी मला आदरच आहे. परंतु मावळत्या सत्ताधाऱ्यांना अभय दिल्याखेरीज सत्तांतर शांततेने होत नाही, म्हणून परक्या न्यायालयांनी त्यात पडू नये, असा निष्कर्ष ते काढतात. आणि पुढे जाता जाता ‘भारताला सुदैवाने या वाटेने जावे लागले नाही’ असेही लिहून टाकतात. हे वाक्य निदान सोलापूर आवृत्तीत तरी छापले जायला नको होते. ते वाचून मला राग आला आणि तो अजून गेलेला नाही.

तुळजापूर वेशीतून निघालेला रस्ता १९४८ पर्यंत थोड्याच अंतरावर हैदराबादच्या निजामाच्या राज्यात शिरत असे. इकडे कलदार रुपया, तिकडे हाली सिक्का आणि मध्ये जकातीची नाकी. त्या राज्यातील १ कोटी ६० लाखांहून अधिक माणसांना आपले सरकार निवडण्याचा अधिकार नव्हता. १३ सप्टेंबर १९४८ रोजी आपल्या फौजा सोलापूरच्याच बाजूने नळदुर्गकडे गेल्या आणि १७ तारखेला निजामाने शरणागती पत्करली, एवढे शाळेत शिकवले जाते. त्यानंतर मेजर जनरल जयंतनाथ चौधरी यांचे लष्करी प्रशासन होते, १९४९ च्या डिसेंबरात सनदी अधिकारी वेल्लोडी यांच्याकडे सूत्रे गेली आणि लोकांनी निवडलेले मंत्रिमंडळ १९५२ मध्ये आले. या साऱ्या काळात निजाम नामधारी प्रमुख म्हणून कायम राहिले, आणि १९५० पासून १९५६ पर्यंत तर राजप्रमुखपदावर, म्हणजे राज्यपालासारख्या पदावर, होते. निजामाची सत्ता टिकवण्यासाठी लढणाऱ्या सशस्त्र रझाकारांचे म्होरके कासिम रझवी यांना शिक्षा झाली खरी, परंतु १९५७ मध्ये सुटून ते पाकिस्तानात निघून गेले. मावळत्या सत्तेशी केलेली तडजोड म्हणजे काय, हे पाहण्यासाठी आपल्या लेखकांना स्पेनपर्यंत जाण्याची गरज नव्हती.

माझ्या सासूबाईंचे माहेर नळदुर्गच्या अलीकडचे. १९४८ च्या पावसाळ्यात रझाकारांचा उपद्रव वाढला, तेव्हा त्यांच्या घरची माणसे रातोरात बैलगाडीने सोलापुरात आली आणि नातेवाइकांच्या वाड्यात एका खोलीत राहिली. मूग-उडीद काढणीला आला होता, म्हणून त्यांचे वडील माघारी गेले आणि परत आले नाहीत. वाटेत नाक्यापाशी त्यांना गाडीतून उतरवून नेले, एवढेच बरोबरच्या गड्याने येऊन सांगितले. सासूबाईंच्या आईने बारा वर्षे कुंकू लावले, मग भटजींच्या सांगण्यावरून पळसाच्या पानांचा पुतळा करून त्यांचे क्रियाकर्म झाले. शेजारच्या ज्या मुसलमान कुटुंबाने ‘आज रात्रीच निघा’ असा निरोप दिला होता, त्या कुटुंबाचाही सप्टेंबरनंतर ठावठिकाणा लागला नाही. सासूबाई आजही दोघांचे नाव एका दमात घेतात.

पुढे वारसनोंदीचा प्रश्न आला, तेव्हा मृत्यूचा दाखला मागण्यात आला. इकडच्या कार्यालयाने सांगितले की घटना आमच्या हद्दीतील नाही, ते गाव त्या वेळी परराज्यात होते. तिकडच्या कार्यालयाने सांगितले की त्या काळचे दप्तर हैदराबादला गेले असावे. त्या टेबलावर सासूबाईंनी मांडलेली कागदांची पिशवी मी पाहिली आहे: शेतसाऱ्याची उर्दू पावती, गड्याच्या अंगठ्याचा जबाब आणि वडिलांचा एकच गट-फोटो. कारकुनाने पिशवी उघडलीही नाही. माणूस गेला कसा, हे विचारणारे एकही कार्यालय आमच्या लोकशाहीत त्यांना सापडले नाही.

आता कायद्याविषयी. हैदराबादचे प्रकरण संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेपुढे गेले होते. तक्रार २१ ऑगस्ट १९४८ ची, तिच्यावर पॅरिसमध्ये चर्चा सुरू झाली ती १६ सप्टेंबरला, आणि काही दिवसांत निजामांनी ती मागे घेतली. हा आमचा अंतर्गत प्रश्न आहे, ही भारताची भूमिका मला आजही योग्य वाटते. मात्र परिषदेपुढे हैदराबाद म्हणून कोण उभे होते, हे लक्षात घ्यावे. तेथे निजामांचे शिष्टमंडळ होते. निजामाविरुद्ध लढणाऱ्या स्वामी रामानंद तीर्थांच्या चळवळीतील माणसांना किंवा माझ्या सासूबाईंच्या आईला त्या दालनात जागा नव्हती, कारण त्या वेळचा आंतरराष्ट्रीय कायदा राज्यांचे ऐकत असे, माणसांचे नव्हे. त्यानंतरच्या अर्धशतकात जो बदल झाला तो नेमका येथे झाला, आणि आपले लेखक त्यालाच ढवळाढवळ म्हणतात.

त्यांनी चिलीचा दाखला दिला आहे, तो तरी पुरता द्यावा. पिनोशे यांच्या लष्करी राजवटीने १९७८ मध्ये जो माफीचा कायदा केला, तो स्वतःच्याच माणसांसाठी केला. ज्यांचे मुलगे नाहीसे झाले त्यांना कोणी विचारले नव्हते. १९८८ च्या सार्वमतात हरल्यावरही ते १९९८ पर्यंत लष्करप्रमुख राहिले आणि नंतर तहहयात सिनेटर झाले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये स्पॅनिश न्यायाधीशांच्या वॉरंटवरून त्यांना लंडनमध्ये अटक झाली आणि छळाच्या गुन्ह्यासाठी माजी राष्ट्रप्रमुखालाही संरक्षण नाही, असा निर्णय ब्रिटनच्या उमराव सभेतील विधिज्ञांनी दिला. प्रकृतीच्या कारणावरून ते सुटले आणि २००६ मध्ये शिक्षा न होताच वारले, हे खरे. परंतु या अटकेने लोकशाही कोसळली का? उलट चिलीच्याच न्यायालयांना धीर आला. ज्याला उचलून नेले आणि ज्याचा देह मिळाला नाही, त्याचे अपहरण अजून चालू आहे, सबब १९७८ पर्यंतच्या गुन्ह्यांची माफी त्याला लागू होत नाही, ही भूमिका तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये मान्य केली. हे मी सासूबाईंना वाचून दाखवले, तेव्हा त्यांनी ते पुन्हा वाचायला सांगितले.

पेरूमध्ये फुजिमोरी यांच्या राजवटीने केलेले माफीचे कायदे आंतर-अमेरिकी मानवाधिकार न्यायालयाने २००१ मध्ये निष्प्रभ ठरवले आणि २००९ मध्ये फुजिमोरी यांना त्यांच्याच देशात २५ वर्षांची शिक्षा झाली. दक्षिण आफ्रिकेने माफी दिली, तीदेखील सरसकट नव्हे: गुन्हेगाराने स्वतः अर्ज करायचा, काय केले ते सत्य व सलोखा आयोगापुढे पूर्ण सांगायचे, आणि बहुतेकांचे अर्ज फेटाळलेच गेले. तडजोड कधीच करू नये, असे माझे म्हणणे नाही. बंदुका ज्यांच्या हाती आहेत त्यांच्याशी बोलावेच लागते. मात्र त्या तडजोडीत नाहीशा झालेल्या माणसाची नोंद पुसण्याचा अधिकार कोणालाही नाही, आणि एखादे परके न्यायालय ती नोंद मागत असेल तर त्याच्यावर रागावण्याचे कारण दिसत नाही.

आपल्याकडे तर नोंद होऊनही ती दडवली गेली. सप्टेंबर १९४८ च्या त्या लष्करी मोहिमेनंतरच्या, म्हणजे ‘पोलीस कारवाई’नंतरच्या, हत्याकांडांची पाहणी करणाऱ्या पंडित सुंदरलाल समितीने किमान २७ ते ४० हजार माणसे मारली गेल्याचा अंदाज दिला होता आणि सर्वाधिक झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद व गुलबर्गा हे आपल्या शेजारचे दोन जिल्हे होते. तो अहवाल अनेक दशके लोकांपुढे आला नाही. रझाकारांनी मारलेले आणि त्यानंतर मारले गेलेले, दोघांच्याही घरच्यांना उत्तर मिळायला हवे होते.

आणखी एक तक्रार याच पत्रात नोंदवते. १७ सप्टेंबरला आपल्या मराठवाडा आवृत्त्यांत मुक्तिसंग्रामाची पाने असतात. सोलापूर आवृत्तीत ध्वजारोहणाची चार ओळींची बातमी असते. सरहद्दीवरच्या लढ्याचे तळ सोलापूर जिल्ह्यात होते, निर्वासित याच शहराच्या पेठांमध्ये राहिले आणि त्यांची मुले येथल्याच गिरण्यांत कामाला लागली. १२ जानेवारीला, १९३१ मध्ये फाशी गेलेल्या सोलापूरच्या चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांचे छायाचित्र आपण आवर्जून छापता, ते योग्यच आहे. पण १९३० च्या मार्शल लॉचे सोलापूर संपले तेथे या शहराचा इतिहास संपला नाही.

तरी माझ्या दोन विनंत्या आहेत. कालच्या लेखातील ते वाक्य चुकीचे आहे, हे आपण त्याच पानावर स्पष्ट करावे. आणि १९४८ मध्ये जी माणसे सरहद्दीच्या अल्याड-पल्याड नाहीशी झाली, त्यांची नावे घरच्यांकडून मागवून, धर्म न पाहता, सोलापूर आवृत्तीत क्रमशः छापावीत. ती सांगू शकणारी माणसे आता नव्वदीकडे झुकली आहेत. आमच्या घरचे नाव, गाव आणि तो जबाब आपल्या कार्यालयात आणून देण्यास मी तयार आहे.

आपली नियमित वाचक,
एक निवृत्त ग्रंथपाल, सोलापूर