बाबा, एक फॉर्म भरायचा आहे

नागपूर

ती. आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

काल इडापिडा घेऊन जाणाऱ्या मारबतीच्या पुतळ्याची मिरवणूक निघाली. महाल भागात ही गर्दी! आई, तू इथे असतीस तर "पोरीचं स्कूबाचं खूळ घेऊन जाय गे मारबत" असंच ओरडली असतीस. खूळ काही गेलं नाही. पावसाळा संपून मालवणच्या बोटी सुरू झाल्या की मी तारकर्लीला स्कूबाचा, म्हणजे पाठीवर सिलिंडर घेऊन समुद्रात खाली उतरण्याचा, पूर्ण कोर्स करायला चालले आहे. फोनवर विषय काढला की तू रडतेस आणि बाबा "बरं" म्हणून फोन तुझ्याच हातात देतात. म्हणून हे पत्र.

बावन्नाव्या वर्षी कशाला, हा तुझा प्रश्न. नागपूरच्या माणसाला पाणी माहीत ते कूलरमधलं, हेही कबूल. पण गेल्या दिवाळीत मुलांच्या आग्रहाखातर मालवणला पाण्याखाली गेले, तेव्हा एक कळलं. तिथे वय आड येत नाही, घाई येते. दोनेक मीटर खाली गेलं की कान ठणकतात. नाक चिमटीत धरून अगदी हलकेच हवा कानाकडे ढकलायची, आत 'टक्' झालं की आणखी हातभर खाली. नाही झालं तर थोडं वर यायचं, पुन्हा करायचं. आमच्यातला पंचविशीचा एक तगडा मुलगा जोर लावत राहिला आणि कान धरून बोटीवर परतला. मी रमतगमत खाली पोचले. धाकट्याने मासे बघून खुशीत अंगठा वर केला, तर प्रशिक्षकाने त्याला सरळ वर नेलं. पाण्याखाली त्या खुणेचा अर्थ 'वर चला' असा असतो!

बाबा, सिलिंडरमध्ये ऑक्सिजन नसतो. साधीच हवा, गाळून दाबून भरलेली. शेजारी सांगताना तेवढं दुरुस्त करा. खाली दर 10 मीटरला एका वातावरणाइतका, म्हणजे समुद्रकाठी हवेचा असतो तेवढा, दाब वाढतो. तिथे छातीभर घेतलेली हवा रोखून वर आलं तर ती फुगत जाते आणि फुप्फुसाला इजा होते. म्हणून श्वास कधीही रोखायचा नाही, हा पहिला नियम. वर यायचं तेही सावकाश, शेवटी 5 मीटरवर 3 मिनिटं थांबून, म्हणजे दाबामुळे अंगात मुरलेला हवेतला नायट्रोजन हळूहळू निघून जातो. या कोर्सवर 18 मीटरच्या खाली जाता येत नाही. लागोपाठ डाइव्ह केल्यावर निदान 18 तास विमानात बसायचं नसतं, म्हणून परतताना रेल्वेच.

सध्या सकाळी पोहायला जाते. न थांबता 200 मीटर पोहून दाखवावं लागतं, वेळेची अट नाही. शिवाय 10 मिनिटं नुसतं तरंगायचं. आमचे सर काठावरून ओरडतात, "मॅडम, घाई कायले करून राहिल्या? गाडी सुटून राहिली का?"

आता तुमच्याकडे काम. वैद्यकीय फॉर्ममध्ये पंचेचाळिशीपुढच्यांना जास्तीचे प्रश्न आहेत. घरात कुणाला पन्नाशीच्या आत हृदयविकार झाला होता का, हा त्यातलाच एक. बाबा, तुमची अँजिओप्लास्टी पन्नाशीआधी झाली की नंतर? आई म्हणते आधी, दादा म्हणतो नंतर. कपाटातली जुनी फाइल काढून पहिल्या पानाचा फोटो पाठवा. डॉक्टरांनी होकार देऊन सही केली तरच मी जाणार, नाहीतर तिकीट रद्द.

आईला हे पत्र तुम्हीच वाचून दाखवा, आणि फुप्फुसाचं वाक्य गाळू नका. तिला नंतर कळलं तर ती जास्त चिडेल.

तुमची,
ताई