लक्ष नसण्यामागे एडीएचडी असू शकतो

'वर्गात लक्ष नसते, वस्तू हरवतो' हा शेरा मी प्रगतिपुस्तकात तीन वर्षे वाचत होते आणि मुलाला रागावत होते. तो नऊ वर्षांचा झाल्यावर मानसोपचारतज्ज्ञांनी एडीएचडीचे, म्हणजे लक्ष टिकवणे आणि चंचलता आवरणे अवघड करणाऱ्या मेंदूच्या विकासातील अवस्थेचे, निदान केले. त्यासाठी रक्ततपासणी किंवा स्कॅन नसतो. लक्षणे वयाच्या १२ वर्षांआधी सुरू झाली का, किमान ६ महिने टिकली का, घरी आणि शाळेतही दिसतात का, हे पालक-शिक्षकांकडून जाणून डॉक्टर ठरवतात. खिडकीबाहेर बघत गप्प बसणाऱ्या मुलींमध्ये ते अनेकदा निसटते, कारण त्यांचा कुणाला त्रास होत नाही.

'औषधाने मूल गुंगीत राहील' असे नातेवाइकांनी घाबरवले. पण एडीएचडीसाठी दिले जाणारे मिथाइलफेनिडेट हे गुंगीचे औषध नाही. लक्ष टिकवायला मदत करणाऱ्या डोपामाइन आणि नॉरएड्रेनालिन या मेंदूतील रसायनांचा परिणाम ते वाढवते. भूक, झोप कमी होऊ शकते, म्हणून वजन, उंची, रक्तदाब तपासत राहावे लागते. ते सोसले नाही तर अ‍ॅटोमॉक्सेटिनसारखा पर्याय आहे. सहा वर्षांखालील मुलांसाठी मात्र आधी पालकांचे प्रशिक्षण. आमच्याकडे पहिला बाक, एका वेळी एकच सूचना आणि गृहपाठाचे छोटे तुकडे यांनीही खूप फरक पडला.

२०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत अध्ययन अक्षमता आहे, एडीएचडीचा स्वतंत्र उल्लेख नाही. यादीत भर घालण्याचा अधिकार केंद्र सरकारला त्याच कायद्याने दिला आहे. तो वापरावा, ही कळकळीची विनंती.

– एक आई, सांगली